डब्यात काय हाय ते सांगायचं न्हाई

ता. २२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

घटाची माती गावाकडनं पिशवीत बांधून आणली हुती. अकोल्याच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "आजी, एवढी छातीशी धरली, सोनं हाय का?" म्हटलं, माती हाय. पुन्हा बघितलं न्हाई त्यानं तिकडं.

उपास धरला, दसऱ्यापर्यंत. सूनबाई मनीषा म्हणते, "आई, गुडघे दुखतात तुमचे, उठता-बसता दोन दिवस धरा." म्हटलं, गुडघ्यानं खाते का मी? मग तिनंही धरला. सासूच्या पुढं जायची हौस हाय तिला, बरं हाय.

सुप्याला येऊन पंधरवडा झाला. बाळूची कंपनी इथंच, म्हणून उन्हाळ्यात फ्लॅट घेतला. घर चांगलं, पाणी वर चढतं, पण जो तो दार लावून आत. नात स्वरा चौथीत. शाळा नवी, इमारत नवी, मैत्रीण एक न्हाई. पोरी खाली खेळतात आन ही गॅलरीतून बघते. म्हटलं, जा की खाली. म्हणाली, "मला घेत नाहीत आजी." आन पुन्हा बघत बसली. भगरीचं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

आजपासून खाली पोरींचा भोंडला. रोज एका घरची खिरापत, कोजागिरीपर्यंत. आम्हाला कुणी विचारलं न्हाई. मी तशीच जिना उतरले. खाली खुर्चीत श्रीगोंद्याच्या नानी बसलेल्या. तळमजल्याच्या. सगळ्या पोरी त्यांच्या नातीच्या मागं, आरोही तिचं नाव. आरोहीनं घेतलं तर सगळ्यांनी घेतलं, असा इथला कायदा.

म्हटलं, आमचंही घर धरा. नानी म्हणाल्या, "धरू की. पन सांगून ठेवते, झाकल्या डब्यात काय हाय ते मी कान लावून सांगते. आजवर एक खिरापत सुटली न्हाई माझ्या हातनं."

म्हटलं, "मग आमच्या डब्याला लावा एकदा कान."

गावी माझी खिरापत कुणाला ओळखू आली न्हाई कधी. आता अंगावर घेतलंय खरं.

ता. २४, बुधवार

आज पाळी आमची. खुरासणीचे लाडू केले, गूळ घालून. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्यांना काय ठाऊक खुरासणी! काळं बी, आमच्या डोंगराकडं पिकतं. डबा कितीही वाजवला तरी तिळाचे म्हणतील, शेंगदाण्याचे म्हणतील, बसतील.

अडचण एकच, चाखायचं कुणी? मला उपास, मनीषाला उपास. बाळूला चाखायला दिलं तर तो सगळ्यालाच चांगलं म्हणतो, लग्नानंतर लागलेली सवय. म्हणून स्वराला बोलावलं. "आजी, हे काळं काय?" सांगितलं, आन वर म्हटलं, कुणाला बोलायचं न्हाई.

पाऊस हटंना, म्हणून अंगणाऐवजी पार्किंगमध्ये भोंडला. पाटावर हत्ती स्वरानं काढला. सोंड आखूड झाली, डुकरावर गेला जरा. फेर झाले. मी डबा वाजवला. "गोड का तिखट?" म्हटलं, गोड. पोरींनी पेढ्यापासून शिऱ्यापर्यंत सगळं म्हणून घेतलं. मग नानींनी डबा कानाला लावला, डोळे मिटले. आरोही आपली खुर्चीला चिकटून, आजीच्या गळ्यात पडलेली. सगळे गप.

नानी म्हणाल्या, "खुरासनीचे लाडू."

मी डबा काढून घेतला, वास तर बाहेर येत न्हाई ना बघितलं. वर म्हणतात कशा, "कान हाय बाई, कान!"

हरले. पण एक झालं. नंतरच्या फेरात आरोहीनं स्वराला शेजारी घेतलं, हात धरून. पोर वर आली ती उड्या मारतच. दोन चपात्या जास्त खाल्ल्या. लाडू गेले तर गेले.

ता. २७, शनिवार

कालही, परवाही स्वरा खाली. हाका येतात. मी आपली खूश, मनीषाला म्हटलं, बघ, माझ्या लाडवांचा गुण.

आज ऊन पडलं, म्हणून दु. जुन्या कुरडयांना ऊन दाखवून गच्चीवरनं उतरत हुते. खालच्या वळणावर दोघी बसलेल्या. आरोहीचा आवाज, "मंगळवारी पण सांगशील ना? मग माझ्या शेजारची जागा तुझीच." आमची म्हणते, "सांगते. पण आजीला कळू देऊ नको."

तिथंच पायरीवर बसले. कुरडया मांडीवर. म्हणजे कान न्हाई नि काही न्हाई! आधी पोट धरून हसू आलं, मग राग आला, मग पायरी गार लागायला लागली म्हणून उठले.

घरचीच पोर फितूर. कशासाठी, तर बसायच्या जागेसाठी. तिला बोलावं तर जागा जाईल. न बोलावं तर मंगळवारी आमची पाळी, पुन्हा ती बाई "कान हाय बाई, कान" म्हणणार.

बाळूला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ना, लहान पोरांचा खेळ आहे." ह्याला काय कळतं.

ता. ३०, मंगळवार

आज इमारतीत माझं नाव झालं. कसं झालं ते लिहिते, हाताला अजून लसणाचा वास हाय.

सकाळी साबुदाण्याचे वडे तळले. स्वराला हाक मारली, मीठ बघ ग. तिनं बघितलं. मी एवढंच म्हटलं की बरे झालेत का? "खिरापत" हा शब्द मी काढला न्हाई, देवीपुढं सांगते. ती शाळेत गेल्यावर वडे मी नि मनीषानं खाल्ले. आमचे उपासाचेच हुते.

मग दार लावून हुलग्याचे शेंगोळे केले. लसूण-मिरची कुटली, पिठात मळली, बोटाएवढे वळले, उकळत्या पाण्यात सोडले. रश्शासकट. रस्सेदार खिरापत कुणी बघितली हाय का सुप्यात? चाखायला मात्र कुणी नव्हतं. चाखणारी तर फितूर.

सं. डबा हलवला तर आतनं डुबुक डुबुक. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. "तिखट," म्हटलं. कुणी आमटी म्हणालं, कुणी मिसळ. एक बारकी म्हणाली, "आजी, मासा आहे का?" स्वराचं तोंड तेव्हाच उतरलं हुतं, माझं तिकडं लक्ष न्हाई. माझं लक्ष नानींकडं.

नानींनी डबा घेतला, कानाला लावला, सवयीप्रमाणं आडवा केला. आमचा डबा जुना, झाकण ढिलं. रस्सा कानात, कानातनं मानेवर, मानेवरनं नव्या लुगड्यावर. आन तशातही त्या डोळे मिटून म्हणाल्या, "साबुदाना वडा!"

असं हसू फुटलं पार्किंगमध्ये! वरच्या मजल्याचे पुरुष गॅलरीत आले. जिंकले!

मग द्रोण भरले. पहिल्या घासाला पोरी थांबल्या, दुसऱ्याला नळाकडं पळाल्या. मीठ! वाटणात मी घातलेलं, पिठात मी घातलेलं, आधणात मी घातलेलं, आन मी दोरीवरचे कपडे काढायला गेले तेव्हा मनीषानं "आई विसरल्या असतील" म्हणून घातलेलं.

उरलेले बाळूनं भाकरीबरोबर खाल्ले. म्हणाला, चांगले झालेत. तांब्याभर पाणी प्याला वर.

ता. १ ऑक्टोबर, बुधवार

आज हाक आली न्हाई.

स्वरा गॅलरीत. विचारलं, भोंडल्याला जायचं न्हाई का? "आरोही म्हणते मी खोटारडी आहे. तिच्या नानीचं हसं केलं मी." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू मला वडे दाखवलेस ना आजी?" रडली न्हाई. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

एक डबा जिंकले मी. तोही खारट.

ता. २, गुरुवार. दसरा.

उपास सुटला. पुरणपोळी. मीठ-साखर सगळं चाखून बघितलं, चार-चारदा. मनीषा म्हणाली, "आई, नैवेद्य दाखवल्यावर चाखता, पण चाखता-चाखता जेवण झालं की तुमचं."

सं. आपट्याची पानं घेतली, स्वराला घेतलं, खाली गेले. नानींनी दार उघडलं. कानात कापसाचा बोळा. म्हणाल्या, "या. डबा न्हाई ना आनला?"

हातावर सोनं ठेवलं. म्हटलं, "नानी, लबाडी माझी. पोर खरं बोलली, तिला मीच वडे दाखवले नि शेंगोळे भरले." आरोही पडद्यामागनं ऐकत हुती. पुढं आली, स्वराकडं बघितलं, आत गेली. पोरींचं पोरींना ठाऊक.

नानींनी स्वराला साखर आणायला आत पाठवलं आन माझा हात धरला. हळू म्हणाल्या, "तुला म्हनून सांगते. माझा एक कान पार बंद हाय. दोन वर्सं झाली. दुसरा चांगला चालतो, म्हनून कुनाला कळत न्हाई. डब्याचं मला काय बी ऐकू येत न्हाई. आरोही चांगल्या कानात सांगती."

म्हटलं, "तुमी सांगितलं का तिला असं करायला?"

"न्हाई ग. पहिल्या वर्सी मी चुकले, बाया हसल्या. पोरीला बघवलं न्हाई. तवापासनं सगळ्या घरचं काढून आनती. आन मलाही गोड लागलं. म्हातारी बहिरी झाली म्हटलं की बाई, लोक इचारायचं बंद करतात. डबा कानाला लावला की सगळे गप बसून माझ्याकडं बघतात. तेवढंच."

मी म्हटलं, "रस्सा कुठल्या कानात गेला?"

"बंद कानात. नशीब."

दोघी इतक्या हसलो की आतनं पोरी बघायला आल्या. स्वराच्या हातातली साखर सांडली, आरोहीनं खाली बसून भरायला मदत केली. तेवढंच.

ता. ४, शनिवार

स्वरा गॅलरीत. पण आज खालनं आरोहीनं दोनदा वर बघितलं. मी पडद्याआडनं मोजलं.

सोमवारी कोजागिरी, शेवटची खिरापत, पाळी आमची. मनीषा म्हणते बाहेरून वेफर आणू या, भांडणच नको. म्हटलं, वेफरचं नाव काढशील तर मी एस.टी. धरीन.

ता. ६, सोमवार. कोजागिरी.

सकाळी दाराची बेल. आरोही. "स्वरा आहे?" एवढंच. स्वरा चप्पल न घालता गेली.

मागनं मी हाक मारून थांबवली, आत घेतली. डबा उघडून दाखवला. म्हटलं, "बघ, खा, मिठाचं, गोडाचं सांग. आज मी खोटं करत न्हाई. खाली सांगायचं का न्हाई ते तुझं तू ठरव, मी रागावणार न्हाई." तिनं खाल्लं. बोटं चाटली. गेली.

काय केलंय ते इथंही लिहीत न्हाई. भिंतीला कान असतात, आन भिंतीचे दोन्ही चालू असतात. गोड हाय. वाजत न्हाई. एवढंच.

दुपारभर पोरी खाली. हत्ती दोघींनी मिळून काढला, ह्या खेपेला सोंड इतकी लांब की पाटावरनं फरशीवर उतरली. संध्याकाळी स्वरा पाणी प्यायला वर आली. मी आपली भांडी लावल्यासारखं करत विचारलं, "सांगितलंस का ग?"

"नाही."

"का?"

"तिनं विचारलंच नाही आजी." आन ग्लास ठेवून पळाली.

म्हणजे पोर जिंकली. माझं काम झालं. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी एकटीच हसले, मनीषा म्हणाली, काय झालं आई? म्हटलं, दुधात चारोळी घाल.

मग ध्यानात आलं. आरोहीनं विचारलं न्हाई म्हणजे नानींच्या कानात कुणी काही सांगणार न्हाई. आज सगळी इमारत गोळा हुणार, पुरुषमाणसं सुद्धा. मंगळवारच्या रश्शाची आठवण सगळ्यांना ताजी. ती बाई डबा कानाला लावणार, डोळे मिटणार, आन सगळे गप बसून बघणार.

एक तर खरं जिंकायचं हाय मला. नीट, चाखून केलेलं. अशी खिरापत मी गावीही केली नव्हती. कुण्णाला ओळखू येणार न्हाई.

न्हाईतर नानींना त्यांच्या दाराशीच गाठून हळूच कानात सांगून टाकावं.

पण कुठल्या? चालतो तो डावा का उजवा? वही मागं चाळली, मी लिहिलंच न्हाई. बंद कानात सांगितलं तर मी सांगितल्यासारखीही आन जिंकल्यासारखीही.

खालनं हाका यायला लागल्या. "स्वराची आजी, डबा घेऊन या!" स्वराची आजी म्हणतात आता मला. नानींची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डबा घेतला. झाकणाला ह्या वेळी दोरी बांधली हाय. जिना उतरेपर्यंत काय ते ठरवते.