पाठीवरचा तीळ

३ फेब्रुवारी, ताम्पेरे, फिनलंड
कॅन्सरच्या नोंदींचा वार्षिक अहवाल यंदा माझ्याकडे. चित्र तेच. स्त्री-पुरुष दोघांनाही होणारे बहुतेक कॅन्सर पुरुषांना जास्त होतात, आणि मरतातही पुरुषच जास्त. कारणं अनेक. एक मी ठळक केलं: पुरुष डॉक्टरकडे उशिरा जातात. आमची साहेबीण मार्केत्ता म्हणाली, "लिहितोस असं, जणू तू पुरुषच नाहीस!" मी तसला नाही, इतकंच.

९ फेब्रुवारी
शर्टाला मागून रक्ताचा ठिपका. पाठीवर तीळ आहे. जुनाच असावा. रीत्ताला माहीत असणार, पण घटस्फोटानंतर तीन वर्षांनी बायकोला फोन करून तीळ विचारायचा? उद्या दवाखाना. नक्की.

१० फेब्रुवारी
एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नये. हे शास्त्र झालं, भीती नव्हे. (भीतीच असेल का?) दोन आरसे धरून पाहिलं. मान आखडली, तीळ दिसला नाही. म्हणजे लहानच.

२६ फेब्रुवारी
मार्केत्ता म्हणाली, "आमच्या ह्यांची पाठ मीच तपासते. त्यांना पाठ आहे हे तरी कुठे ठाऊक!" सगळे हसले. मीही. मग एकट्या पुरुषांचा वेगळा रकाना केला. आकडे वाईट. 'नमुना लहान' अशी तळटीप टाकली. नमुना लहान नाही. तळटीप उद्या काढतो.

६ मार्च, गुरुवार
इमारतीच्या सौनात, वाफेच्या सामायिक न्हाणीत, खालच्या मजल्यावरचा इल्पो आणि मी. नऊ वर्षांचे गुरुवार. त्याला विचारायचं ठरवलं होतं. विचारण्याऐवजी त्याच्याकडे पाठ करून बसलो. त्याने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. बोलला काहीच नाही. म्हणजे काही नाही. हायसं वाटलं.

२४ मार्च
चादरीलाही रक्त. गेलो शेवटी. डॉक्टरीणबाईंनी तीळ लगेच कापून तपासायला पाठवला. कधीपासून, विचारलं. पंधरा दिवस, म्हणालो. दीड महिना झालाय.

३ एप्रिल, गुरुवार
सकाळी फोन आला. कॅन्सरच. खोल गेलाय, आणखी तपासण्या आहेत.
पाठीच्या टाक्यांमुळे मला सौना बंद, तरी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसलो. दुसरं कुणाला सांगणार? तीळ काढला, एवढंच म्हणालो. इल्पो अंग पुसत म्हणाला, "काढलास होय? बरं केलंस. मागच्या उन्हाळ्यापासून काळा पडत चालला होता."
मग बोलला का नाहीस, विचारलं.
"अरे, तुझी पाठ. सौनात दुसऱ्याच्या अंगाबद्दल कोण बोलतं?"
खरं आहे. त्याच्या मानेवर गाठ आहे. नाताळापासून पाहतोय, वाढते आहे. तो एकटाच राहतो. सांगायला हवं होतं.
आज विषय निघाला नाही. पुढच्या गुरुवारी नक्की.