दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

नज्लत हबीब, मिन्या
१२ मार्च २०१९, मोठ्या उपवासाचा दुसरा आठवडा

प्रिय इस्तीर,

प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो. इकडे सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे धरलेत, पण उपवास सोडायला तयार नाही. या उपवासात दूधदुभतं चालत नाही ना, गोळीतसुद्धा दूध असेल म्हणून गोळीकडे संशयाने बघते. तुझी वहिनी रोज मसूर शिजवते आणि रोज विचारते, कसा झालाय. कैरोत थंडी सरली असेल. मावशीचा जिना तुला झेपतो ना?

चर्चच्या भट्टीवर मी हल्ली जात नाही. बावीस वर्षं अर्पणाची भाकर भाजली, आता दुसरा माणूस आहे. त्याच्या भाकरीला कडेला चीर जाते, तरी तो टोपलीत ठेवतो. मी कधी ठेवली नसती. गाव म्हणायचं, अबादीरच्या टोपलीत चिरलेली भाकर मिळायची नाही आणि तोंडात खोटा शब्द. ते ऐकायला मला फार गोड वाटायचं.

त्या नावासाठीच तू नोव्हेंबरात माझ्याकडे आली होतीस. म्हणालीस, "दादा, एवढंच सांग की नाशेदची बाहेर बाई आहे. त्याशिवाय चर्च मला त्याच्यापासून सोडवायचं नाही. तुझ्या शब्दावर कोणी उलट विचारणार नाही."

मी म्हणालो, "पवित्र पुस्तकावर हात ठेवून खोटं? जीभ झडेल माझी."

"माझे दात झडले ते चालतात का?" असं तू म्हणालीस आणि चपला घालून निघालीस. वहिनी हाक मारत होती. मी मारली नाही.

मग बिशपांच्या मंडळापुढे आपल्या चर्चच्या याजकांनी, अबूना मीसाईलांनी, मला विचारलं, "नाशेदची बाहेर कोणी बाई आहे?" मी म्हणालो, "नाही, अबूना." खरंच नव्हती. तुला मारण्यातून त्याला वेळ कुठून मिळायचा? हे उत्तर मी घरोघर सांगितलं. लोकांनी पाठ थोपटली, सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा खोटं बोलला नाही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकायचो, जसं काही मला स्तुती नकोच आहे.

पण त्या दिवशी प्रश्न दोन होते. तू बाहेरच्या बाकावर बसली होतीस, दुसरा तुला ऐकू आला नसेल.

अबूनांनी विचारलं, "बरं, त्याने तुझ्यादेखत हिच्यावर कधी हात टाकलाय? तू पाहिलं असशील तर आजच हिला आईकडे ठेवतो. त्याला दारात उभं करायचं नाही."

इस्तीर, मी पाहिलं होतं. तुला वाटत असेल, मी नंतर आलो. मी आधीच आलो होतो. सप्टेंबरात, लाल खजूर घेऊन. दार उघडं होतं आणि तो तुला केसांना धरून न्हाणीकडे फरफटत नेत होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो. त्याने मला पाहिलं, तुला सोडलं आणि म्हणाला, "या मेव्हणे, चहा घ्या." मी बसलो. चहा प्यायलो. तो तूच केला होतास.

मंडळापुढे मी म्हणालो, "नाही, अबूना. माझ्यादेखत तरी नाही." हात पुस्तकावरच होता.

माझ्या यूस्तीनाचं नाशेदच्या भावाशी, बूलाशी, ठरलं होतं. ईस्टरच्या सणानंतर लग्न होतं, घराला रंगही लावून झाला होता. मी मनाशी म्हटलं, नवराबायकोचं भांडण आज ना उद्या मिटेल, पण पोरीचं मोडलं तर पुन्हा जुळायचं नाही. मंडळाने प्रार्थना करून तुला नाशेदकडे परत पाठवलं. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी तुझा डोळा गेला. पत्राच्या सुरुवातीलाच डोळ्याचं विचारणार होतो आणि जिन्याचं विचारून बसलो. गेलेल्या डोळ्याची चौकशी कशी करतात ते मला कळत नाही.

नाशेदने आता मंडळाला लिहून दिलंय की तू जिन्यावरून पडलीस आणि तुला घरी पाठवावं. ते कळलं तेव्हा मी यूस्तीनाला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने अंगठी काढून ताटात ठेवली. एवढंच म्हणाली, "बाबा, हे पाहून आल्यावर तुम्ही मला त्याच घरात देणार होतात?" तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडळापुढे गेलो आणि पाहिलं ते सांगितलं. नाशेद हसला. म्हणाला, "पोरीचं फिसकटलं, त्याचा राग काढतोय." मंडळातल्या म्हाताऱ्या याजकांनी मला विचारलं, "तेव्हाही तुझा हात पुस्तकावर होता, आताही आहे. खरं कधीचं धरायचं?" माझी साक्ष त्यांनी घेतली नाही. बाहेर आल्यावर अबूनांनी सांगितलं, भट्टीवर येऊ नकोस. मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या एका शब्दावर ती सुटली असती, अबादीर. आता तू शंभर वेळा सांगितलंस तरी भागत नाही."

गुरुवारी तुला मंडळापुढे बोलावलंय. येऊ नकोस. कागदावर काहीही लिहून आलं, माझ्या नावाने आलं, तरी मावशीकडून हलू नकोस. बाईने घर सोडू नये असं तुला लहानपणापासून मीच शिकवलं. ते विसर. मी गुरुवारी जाणार आहे आणि कोणी मानलं नाही तरी तेच पुन्हा सांगणार आहे.

तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मी गावभर सांगत सुटेन की बहिणीने मला क्षमा केली.

'तुझा भाऊ' असं लिहायला हात धजत नाही.

अबादीर