आठ तासांची पाळी

४ ऑगस्ट

आज वर्ग पेटला! औद्योगिक क्रांतीचा धडा, बीरगांवच्या हिंदी शाळेतल्या पेंगुळलेल्या पोरी, दुपारची वेळ. मी खडू ठेवला आणि कागदाची पाकिटं करायला लावली. आधी प्रत्येकीनं अख्खं पाकीट एकटीनं. मग कामं वाटली – एकीनं कापायचं, एकीनं घडी घालायची, एकीनं चिकटवायचं. ढीग पडला, ढीग! पोरी ओरडायला लागल्या. अडीचशे वर्षांपूर्वी टाचण्यांच्या कारखान्यात लोकांना हेच दिसलं, आणि संपत्तीबद्दलचा सगळा विचारच बदलला.

तेवढ्यात दुलेश्वरी, जिच्या वाट्याला नुसती घडी आली होती – "मैडम, ढेर तो लग गया. पर मैं तो बस मोड़ती रही. बनाया क्या, पता ही नहीं चला."

पुढच्या तासाला जे सांगणार होते, ते ती आधीच बोलून गेली!

७ ऑगस्ट

वाफेचं इंजिन, गिरण्या, भोंगा. आधी सूर्य बघून काम व्हायचं, मग भोंग्यावर होऊ लागलं. लहान लेकरंही बारा-बारा तास उभी.

"फिर आठ घंटे किसने दिए?" दुलेश्वरीच.

दिले नाहीत, भांडून घेतले, मी म्हटलं.

"तो मेरे बाबू को क्यों नहीं मिले?"

तिचे वडील सिलतऱ्याच्या कारखानपट्ट्यात, लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये, ठेकेदाराकडे, बारा तास. कोणती मिल, विचारलं. तिनं नाव सांगितलं – दिवाकरची! माझा नवरा तिथलाच प्रोडक्शन मॅनेजर. वर्गाला ते कळू दिलं नाही. फळा पुसून पुढचा मुद्दा घेतला.

८ ऑगस्ट

पोळ्या लाटता लाटता विषय काढला. दिवाकर भडकला. "तुले काय माहीत मिल कशी चालते! दोनाच्या तीन पाळ्या म्हणजे माणसं वाढली. शेठजी मले ठेवतीन का?"

म्हटलं, स्कॉटलंडात एका गिरणीमालकानं दोनशे वर्षांपूर्वी तास कमी केले, तरी नफा बुडाला नाही.

"मग त्यालेच बोलव मॅनेजर म्हणून!" ताट सरकवून उठला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. अबोला चालूच. पण माझं गिरण्यांवरचं पुस्तक टेबलावरून गायब आहे. मी विचारलं नाही!

२ सप्टेंबर

कमाल केली या माणसानं! पंधरा दिवस पाळी संपेपर्यंत स्वतः मशीनपाशी उभा राहिला. शेवटच्या तासांत सळया वाकड्या निघतात, हात भाजतात – सगळं डोळ्यांनी बघितलं. आज थेट शेठजींसमोर. म्हणाला, एका भागात महिनाभर आठ तास करून बघू, मजुरी तीच ठेवू.

शेठजी म्हणाले, "नुकसान हुआ तो जिम्मेदारी आपकी."

आणि हा 'हो' म्हणून आला! आमची ईरा, कॉलेजातून आली तशी दारातच उभी – "पापा, आपने सच में बोल दिया?"

"हव," म्हणाला. बस, एवढंच. मला एकदम लग्नाच्या वेळचा दिवाकर दिसला.

५ ऑक्टोबर

जिंकलो! जिंकलो!! रद्द होणारा माल निम्म्याहून कमी. भाजण्याची एकही घटना नाही. माणसं वाढूनही खर्च जागच्या जागी. शेठजींना मानावंच लागलं – अख्ख्या मिलला तीन पाळ्या!

दुलेश्वरीनं वर्गात डबाभर ठेठरी, बेसनाची तळलेली, आणली. बाबू आता दिवसाउजेडी घरी असतात, काल धाकट्याला सायकल शिकवली म्हणे. दोघंही पडले. सांगताना हसूच आवरेना तिला. तेव्हा मी सांगून टाकलं, त्या मिलचा मॅनेजर म्हणजे आमच्याच घरचा. बाकं बडवली पोरींनी. बाजूच्या वर्गातले सर बघायला आले, काय झालं म्हणून!

१९ नोव्हेंबर

आसपासच्या मिलवाल्यांनी शेठजींना धरलं – तुमच्यामुळे आमचेही मजूर आठ तास मागून राहिले. आज हुकूम आला, पुन्हा बारा. दिवाकर म्हणाला, मी लावणार नाही. तिथल्या तिथे काढलं त्याला.

आणि हा येताना गोल बाजारातून नवी कढई घेऊन आला! नोकरी गेलेला माणूस, हातात कढई!

"काहून आणली?"

"आता घरीच आहो ना. भजे तरी करीन."

आधी हसलो दोघं. मग तो कांदे चिरायला बसला. मीही. पण एकदाही म्हणाला नाही की तुझं ऐकून चुकलो.

२१ नोव्हेंबर

सकाळपासून मिल बंद. तिन्ही पाळ्यांची माणसं गेटसमोर बसली आहेत, आत एकही जात नाही. दुलेश्वरीचे बाबू सगळ्यांत पुढे. आत्ता शेठजींचा फोन – "भाभीजी, साहब को भेज दीजिए. आठ ही घंटे रहेंगे."

दिवाकर जेवतोय. मी सांगितलं, जेवण झालं की येतील.