लाल पॉलिश

हरारे, १० ऑगस्ट १९९८

ती. आजीस, सिंबाराशेचा टाळी वाजवून, गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

मुतारेच्या बागेतल्या माझ्या शिल्पाचं वाटोळं झालं. तो दगड मी अर्धा चकचकीत काळा केला होता. अर्धा डोंगरातून निघाला तसाच, मुद्दाम खडबडीत ठेवला होता. त्या बाजूला कुणीतरी फरशीचं लाल पॉलिश फासलंय! पहारेकरी चिकोवोरे झोपले होते म्हणे. त्यांना कामावरून काढलं. पाच लेकरं आहेत त्यांना. तू रोज तिथूनच चर्चला जातेस. कुणी दिसलं का?

गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा सिंबा

साकुबवा, मुतारे, १४ ऑगस्ट

चि. सिंबाराशे, आपल्यात आजी नातवाला म्हणते तसं, माझ्या धाकट्या नवऱ्या, अनेक आशीर्वाद. अक्षर शेजारच्या मॅझिवाबाईंचं, पाप माझं.

दिसलं की. मीच होते.

चर्चच्या बायका तुझ्या दगडापुढे उभ्या राहून म्हणाल्या, पोरगा अर्ध्यात दमला वाटतं. अर्धी पडवी पुसून उठणारी सून आम्ही माहेरी धाडतो. माझ्या पडवीच्या चकचकीत फरशीत साठ वर्षं लोक तोंड बघतात, आणि नातवाचं काम अर्धवट? लाजेनं मेले. दुसऱ्या सकाळी डबा, चिंधी घेऊन गेले. चिकोवोरेंना सांगितलं, नातवानंच धाडलंय. त्यांनी आत सोडलं.

त्यांना काढल्याचं कळलं तेव्हा बायका त्या लाल चकाकीचं कौतुक करत होत्या. मी गप्प बसले.

रागाव, पण पत्र धाड.
आजी (अंगठा)

हरारे, १८ ऑगस्ट

ती. आजीस सा. न.

दगड मी घासून काढीन. चिकोवोरेंचं मात्र तूच निस्तर. नगरपालिकेला लिहायला बसलो, पण तुझं नाव लिहवेना.
सिंबा

साकुबवा, २५ ऑगस्ट

चि. सिंबाराशे यास आशीर्वाद.

नगरपालिकेच्या कचेरीत गेले, पॉलिश मीच फासलं म्हणून सांगितलं. साहेब हसले, म्हणाले, आजीबाई, घरी जा. मग मी गुडघे टेकून त्याच पॉलिशनं त्यांच्या दाराची फरशी घासली. साहेबाला तीत स्वतःचे दात दिसले, तेव्हा पटलं. चिकोवोरे कामावर परत आले.

माफी मागायला गेले, तर तेच आधी उठून नमस्काराची टाळी वाजवायला लागले. विचारलं, बाबा, माझं नाव का नाही सांगितलंत? म्हणाले, तुमचं-आमचं कुळ एकच, सोको. तुम्ही माझ्या आत्या. आत्याचं नाव साहेबापुढे कसं काढू? त्यापेक्षा झोपलो होतो म्हणालो. पोरांनी दोन आठवडे नुसता मक्याच्या पिठाचा साडझा खाल्ला, भाजीविना. तेही हसतच सांगितलं.

मॅझिवाबाई म्हणतात, झालं ना सगळं नीट? झालं. पण मी आता बागेच्या मागच्या रस्त्यानं चर्चला जाते. लांब पडतं.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
आजी (अंगठा)