डिकी पुढे, इंजिन मागे

३ जुलै, बुधवार

गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. गाडी थरथरते, चढावर पुढे निघून गेलेला सायकलवाला मागे वळून बघतो. घाबरायचं कारण नाही. अपघातातल्या गाड्यांचे विम्याचे क्लेम तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बिघाड मला वासावरून कळतो.

सोमवारी लेकीला हॉस्टेलवर सोडायचं आहे, याच गाडीतून. दोन सीट, बाप आणि लेक, चार तासांचा रस्ता. नंतर ती कशाला अशी शेजारी बसतेय! बायकोने विचारलं, की मग मी कुठे बसू? स्पोर्ट्स कारला मागे सीट नसते, इंजिन असतं, हे तिला नीट समजावून सांगितलं. त्यावर ती मोबाइलवर रेल्वेचं वेळापत्रक बघू लागली, म्हणजे पटलं असावं.

४ जुलै, गुरुवार

मेकॅनिकला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. म्हणाला, एका सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल गेली असणार, पार्ट यायला आठवडा लागेल, तोवर गाडी बाहेर काढू नका. यांचं नेहमीचंच, राईचा पर्वत.

संकल्प: दुरुस्ती स्वतः करायची. कोणावर चिडायचं नाही.

बायकोवर चिडलो. पाना मीच बुटांच्या खोक्यात ठेवला होता म्हणे.

५ जुलै, शुक्रवार

व्हिडिओ पाहिले. एका सद्गृहस्थाने असाच दिवा बॅटरीची वायर काढून घालवला. वायर काही तास सुटी ठेवायची, की गाडी झालं गेलं विसरून जाते. म्हणजे रोग नाहीच, नुसता गैरसमज आहे!

६ जुलै, शनिवार

आमच्या गाडीत इंजिन मागे आणि डिकी पुढे. बॅटरी त्या डिकीत. वायर काढली. बोट चेचलं, पण वायर निघाली.

बायको म्हणाली, की रेल्वेची तीन तिकिटं अजून मिळतायत. लेकही म्हणाली, की बाबा, तिघं मिळून जाऊ या ना. दोघींना माझ्या कष्टांची फार काळजी.

दुपारी वेळ होता म्हणून लेकीची बॅग डिकीत मावते का ते पाहिलं. मावली! झाकण लागतं का तेही पाहिलं. लागलं. फारच घट्ट लागलं.

संध्याकाळ

झाकण उघडत नाही. त्याचा खटका विजेवर चालतो. वीज बॅटरीतून येते. बॅटरी डिकीत आहे. वायर सुटी आहे.

शांत डोक्याने विचार करतो आहे. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

७ जुलै, रविवार

सांगावं लागलं. लेक मोजे ठेवायला बॅग शोधत होती.

तिने विचारलं, की मार्कशीट आणि दाखले बॅगेतच आहेत ना? आहेत. मूळ कागद उद्या दुपारपर्यंत दाखवले नाहीत तर प्रवेश रद्द. मी म्हटलं, काळजीचं काही कारण नाही, हे सगळं माझ्या हिशेबात होतं. ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत बसली. मला ऐकू येत होतं.

दुपारभर फट मोठी करत होतो. पट्टी वापरली. वायरचा हँगर वापरला. स्वयंपाकघरातली सांडशी वापरली, ती आत पडली. रंग थोडा गेला. शेजारी येऊन म्हणाले, काच फोडा. डिकीला काच नसते, हे त्यांना सांगताना माझा आवाज चढला. पण ते उपाशीपोटी असल्यामुळे.

८ जुलै, सोमवार, पहाट

डिकी उघडली!! लेकीने गाडीचं मॅन्युअल वाचलं. ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूजच्या खोक्यात एक लाल टोक असतं, त्याला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज दिली की खटका उघडतो. शेजाऱ्यांनी गाडी आणि केबल दिली. मी टॉर्च धरला. टॉर्च धरणं दिसतं तितकं सोपं नाही.

बायकोने टॅक्सी बोलावली होती. लेक म्हणाली, बाबा, पुढची सीट रिकामी आहे, चला ना. मी म्हटलं, तुम्ही दोघी व्हा पुढे, मी वाटेत गाठतो. तिने दोनदा विचारलं.

सकाळ

वायर जोडली. दिवा गेला! मेकॅनिकला फोन करून हे कळवलं. तो हं म्हणाला.

थोड्या वेळाने

दिवा आला. आता तो उघडझाप करतो आहे. गाडी आचके देत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपापर्यंत आली आणि बंद पडली. पंपावरचा माणूस म्हणाला, पुढे ढकला, हवा भरायला गिऱ्हाईक थांबलंय. थोडी विश्रांती मिळाली की चालेल. गाडीला.

दुपार

लेकीचा फोन. कागद दाखवले, प्रवेश पक्का झाला, खोली मिळाली, खिडकीबाहेर झाड आहे. विचारलं, तुम्ही कुठपर्यंत आलात? म्हटलं, जवळच आहे. ती म्हणाली, मग मी गेटवर येऊन थांबते.

थांबू नकोस म्हणायला तोंड उघडलं आणि रडू आलं. पंपावर, चार लोकांसमोर.

फोन बायकोने घेतला. रागावली नाही. म्हणाली, घरी जा आणि जेवून घ्या, एका माणसाचं जेवण फ्रीजमध्ये झाकून ठेवलंय. कधी केलंस, असं विचारलं. म्हणाली, काल.