बियाण्याचं दोडकं

आदिलाबाद, नोव्हेंबर १९५६, शनिवार

राज्यं बदलली, आदिलाबाद आंध्रात गेलं. शेजारच्या काकांची बदली झाली, कमलाकाकू उद्या नांदेडला चालल्या. वेलावरचं सगळ्यांत मोठं दोडकं त्यांनी लाल चिंधी बांधून बियाण्याला ठेवलंय. मला वाटलं, जाताना मलाच देतील. हावरट मी!

मागितलं, तर म्हणाल्या, "वाळलं नाही अजून. तोडलं तर बी वाया जाईन."

"पण तुमी तर चालल्या!"

"दोडकं कुठी चाललं?"

तेवढ्यात त्या घरात राहायला येणारी तेलुगू बाई अंगण पाहायला आली. काकूंना तेलुगू येत नाही, तिला मराठी. काकूंनी नुसती ती लाल चिंधी दाखवली. बाई हसली, तिनं हातातल्या फडक्याची पट्टी फाडून दुसऱ्या दोडक्याला बांधली.

आणि मी? इतकी वर्षं त्या अंगणातली दोडकी फक्त मागून नेली.