पहिला लोटा

नागपूर
२ सप्टेंबर १९७३

प्रिय कवडू,

सप्रेम जयभीम.

आधी एवढं वाच आणि मग नीट बसून बाकीचं वाच: भीमामाय बरी आहे. काल तिनं पेजेची वाटी बाजूला सारली आणि "हे काय पान्यावानी पाजून राहिले, भाकर आना," म्हणून नर्सला दम दिला. आज सकाळी मी स्वतः तिला घरी आणलं. महापौराच्या गाडीतून उतरताना तिनं मोहल्ल्याकडे असं पाहिलं, की महापौर ती आणि मी ड्रायव्हर. हो, तुझ्या आईला हैजा झाला होता, डॉक्टरी भाषेत कॉलरा. आठवडाभर तिच्या हातातली सलाईनची सुई निघाली नाही. दवाखान्यात नेताना तिनं मला शपथ घातली होती, "कवडूले कळवू नोको गा. धावत येईन अन् त्यालेच लागन." मी ऐकलं. तिच्या शब्दाखातर ऐकलं की तुला कळवायला माझी जीभ रेटत नव्हती म्हणून, ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

तू जबलपूरला राहतोस, तुला इथली दशा काय कळणार! माझं महापौरपद एका वर्षाचं. मला वाटलं होतं, हार घालून घ्यायचे, शाळांतून बक्षिसं वाटायची आणि वर्ष काढून टाकायचं. जुलै संपता संपता नदीकाठच्या वस्त्यांतून हैजाचे रोगी येऊ लागले आणि हार सुकले. मग काय, कापलेली फळं विकणाऱ्यांशी भांडलो, उसाच्या रसाच्या गाड्या बंद केल्या, लोक लस टोचून घेत नव्हते म्हणून इतवारीत भर चौकात बाही वर करून आधी स्वतः टोचून घेतलं. दंड असा सुजला की दोन दिवस सदऱ्यात हात जाईना. आरोग्याधिकारी डॉक्टर श्रीधर म्हणून आहेत, काटकुळे, चिडके, पण कामाला वाघ. त्यांनी माझ्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला होता आणि रोगी सापडला की त्या घरावर लाल शाईचा ठिपका द्यायचे. एके दिवशी ते ठिपके आपल्या मोहल्ल्यात आले. चार, मग सात, आणि सगळे आपल्या विहिरीभोवती.

आपली विहीर! तुला काय सांगायचं. घरोघरी नळ आले तरी तूरडाळ शिजावी ती तिच्याच पाण्यात, म्हणून अर्धा मोहल्ला अजून तिथंच घागरी लावतो. माझ्या बाबांनी ती तुमच्या वस्तीसकट सगळ्यांना मोकळी केली तेव्हा आपण दोघं चौदा वर्षांचे. भाऊबंदांनी आमच्याकडे जेवायला येणं बंद केलं होतं, तरी बाबा हटले नाहीत. पहिली बादली तू ओढलीस, लोटा भरून माझ्या हातात दिलास, मी तो तोंडाला लावला आणि बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अजूनही कुणी बाबांची आठवण काढली की हीच गोष्ट सांगतो. निवडणुकीत माझ्या प्रत्येक सभेत ती सांगितली गेली, आणि मी खाली मान घालून ऐकली.

श्रीधर म्हणाले, विहीर आजच बंद करा, तपासणीचा निकाल यायला दोन दिवस लागतील. मी करणारही होतो. पण त्याच संध्याकाळी विहिरीवर कुजबुज ऐकली: सगळ्यांचे हात लागू दिले, मग दुसरं काय होणार. कवडू, माझ्या डोक्यात सणक गेली. तेहतीस वर्षांनी पुन्हा तेच! आत्ता कुलूप लावलं तर हेच लोक म्हणतील, बघा, महापौरानंही मानलं. मी बादली ओढली, लोटा भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यालो. म्हणालो, "या विहिरीत खोट नाही. खोट असली तर तुमच्या मनात आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की श्रीधर डोक्याला हात लावून उभे होते तेही मला दिसलं नाही.

मी टोचून घेतलेलं होतं, मला काही झालं नाही. भीमामायनं टोचून घेतलं नव्हतं. तिनं मोहल्ल्यात भांडी उकळून, पाणी उकळून ठेवायचा धाक घातला होता, पण मी प्यालो हे ऐकल्यावर चूल विझवली आणि विहिरीचं पाणी तसंच प्यायली. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. तिच्याबरोबर आणखी अकरा जणांना. मी गाडीत घालत होतो तेव्हा म्हणाली, "तू पेला ना गा, म्हनून मी पेली." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

निकाल आला. विहिरीत रोग होता. तो कुठून आला हे शोधायला श्रीधरांनी तीन दिवस आजूबाजूची मोऱ्या-गटारं उकरली, आणि शेवटी माझ्या घराच्या मागे येऊन थांबले. महापौर झालो म्हणून मोठ्या हौसेनं नवा संडास बांधला होता ना, त्याच्या टाकीला खालून तडा गेला होता. विहिरीपासून ती टाकी वीस हातांवर. श्रीधर म्हणाले, लोकांना एवढंच सांगू की जमिनीतून घाण झिरपली. त्या चिडक्या माणसाला माझी दया आली, हे पाहून मला रडूच फुटलं. मी भोंगा लावलेल्या रिक्षात बसलो आणि मोहल्लाभर स्वतः ओरडत फिरलो: विहीर माझ्या घरच्या घाणीनं नासली, कुणाच्या हातानं नाही. मी पाणी प्यालो ती माझी चूक. विहिरीला मीच कुलूप लावतो आहे.

दवाखान्यात भीमामायच्या उशाशी बसून तिलाही सांगितलं. ती हसायला लागली. सलाईनची बाटली हलेपर्यंत हसली. "म्हंजे आमच्यानं नाही, तुह्यानं बाटली विहीर!" मी म्हणालो, हो माय. तर म्हणते, "तुह्या बापाले सांगाले पाह्यजे होतं." तेव्हा कुठं मला घास गिळता आला.

आपल्या मोहल्ल्यातलं एकही माणूस गेलं नाही. आधीचे सात आणि हे बाराही जण घरी आले. शहरात मात्र काही घरं उजाड झाली, ती मी विसरणार नाही. पण आता तेरा दिवस झाले, नकाशावर नवा ठिपका नाही. श्रीधरांनी लाल शाईची दौत टोपण लावून खणात ठेवली, आणि मी त्यांना तिथंच मिठी मारली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, आणि टर उडवायच्या पुतळ्यांत या वर्षी माझाही बडग्या होता! माझ्याच मोहल्ल्यानं बनवला. पोट हे एवढं, गळ्यात कुलूप, हातात लोटा. "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडत लोकांनी मला जाळलं आणि मी गर्दीत उभा राहून पोट धरून हसलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

टाकी बुजवली, विहीर दोनदा उपसली, औषध टाकलं, दोन्ही तपासण्या साफ आल्या. पुढच्या रविवारी कुलूप काढायचं आहे. पहिली बादली कुणी ओढायची यावर मोहल्ल्यात चर्चा चालली होती, ती भीमामायनं एका वाक्यात संपवली, "कवडूले बलाव." म्हणून हे पत्र. पण तू येण्याआधी एक सांगायला हवं, नाहीतर तुझ्यासमोर पुन्हा खोटा उभा राहीन. तू दिलेला तो पहिला लोटा मी प्यालो नव्हतो. ओठ मिटून तोंडाला लावला, आणि आजीच्या भीतीनं तुळशीमागे जाऊन ओतून आलो. परत आलो तेव्हा तू माझ्या ओल्या पायांकडे पाहत होतास. तू कधी बोलला नाहीस, मी कधी विचारलं नाही. या वेळी सगळ्यांदेखत जो लोटा प्यालो, तो विहिरीसाठी नव्हता रे, तो त्याची फेड करायला प्यालो, आणि तिथंही तुझ्याच आईला त्रास दिला. तू ये. बादली ओढ. लोटा मला द्यायचा की नाही, ते तुझ्या मनावर. दिलास तर तुझ्यासमोर उभा राहून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिईन.

तुझाच,
वामन